'माजी नर्तकी' : भेट, साक्ष आणि पाहण्याची नीती

'माजी' हे विशेषण मराठीत प्रामुख्याने पदांना लागते. माजी आमदार, माजी प्राचार्य, माजी सैनिक. पद सुटते, माणूस उरतो आणि सुटलेले पद या विशेषणाच्या दोरीने त्याच्या नावाशी बांधून ठेवले जाते. कलावंतांच्या बाबतीत हे विशेषण सहसा चालत नाही. ज्या कवीने चाळीस वर्षांत एकही ओळ लिहिलेली नाही त्यालाही आपण 'माजी कवी' म्हणत नाही. म्हटलेच तर त्यात उपरोध असतो. हात थरथरू लागलेला चित्रकार चित्रकारच राहतो. बॅले-नर्तकी मात्र 'माजी' होते, आणि तसे म्हणताना कोणालाही काही वावगे वाटत नाही. या भाषिक सवयीच्या तळाशी एक न तपासलेला सिद्धान्त आहे. कवीची कृती त्याच्या देहापासून सुटी होऊन संहितेत जाऊन बसते. नर्तकीची कृती मात्र देहाखेरीज कोठेच नसते, म्हणून देह असमर्थ झाला की कृतीही संपते आणि कृतीबरोबर कर्त्रीही, असे आपण गृहीत धरतो.

बॅलेच्या जगात हा सिद्धान्त नियमाच्या रूपातही आढळतो. पॅरिस ऑपेराच्या नर्तक-नर्तकींना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. त्यांच्या निवृत्तिवेतनाची मुळे चौदाव्या लुईने १६९८ साली घालून दिलेल्या व्यवस्थेत आहेत. फ्रान्समधील निवृत्तिवेतन-सुधारणांच्या विरोधात याच नर्तकींनी २४ डिसेंबर २०१९ रोजी ऑपेराच्या पायऱ्यांवर, भर थंडीत, 'स्वान लेक'मधील एक प्रवेश सादर केला, तो या नियमाच्या रक्षणासाठी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सांधे आणि घोटे यांचा हिशेब त्यांनाच ठाऊक. पण त्याचा एक परिणाम लक्षात घ्यावा. अशी नर्तकी नव्वद वर्षे जगली तर तिच्या आयुष्यातील अठ्ठेचाळीस वर्षे, म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य, 'माजी'पणात जाते. 'नेदरलँड्स डान्स थिएटर'ने १९९१ साली चाळिशी ओलांडलेल्यांसाठी वेगळे पथक काढून या समीकरणाला आव्हान दिले खरे. परंतु ते पथक २००६ साली बंद झाले.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न याच दीर्घ उत्तरकाळाविषयी आहे. अतिवृद्ध नर्तकीला भेटायला जाणारा अभ्यासक, चरित्रकार, छायाचित्रकार किंवा नुसता रसिक नेमका कोणाला भेटतो? आणि 'भेट' या शब्दाला मराठीत जो दुसरा अर्थ आहे, देण्याचा, तो लक्षात घेतला तर या भेटीत कोण कोणाला काय देते?

सर्वांत सोपी आणि सर्वांत जुनी वाट प्रतीकाची आहे. पंधराव्या शतकातील फ्रेंच कवी व्हियाँ याने शिरस्त्राणकाराच्या एके काळच्या देखण्या बायकोच्या तोंडी एक विलाप घातला: म्हातारी आपल्या उघड्या देहाकडे पाहते आणि एकेका अवयवाची झडती घेते. त्यावरून नाव मिळालेली रोदँची मूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातली. मूर्तीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तिच्यापुढे उभे राहिल्यावर काळ, क्षय, नश्वरता असे सगळे मोठे शब्द मनात येतात. येत नाही तो एवढाच प्रश्न, की या कामासाठी शिल्पकारापुढे उभी राहिलेली वृद्धा कोण होती. वृद्ध नर्तकीच्या बाबतीत प्रतीकाचा हा मोह अधिकच बळावतो, कारण एकोणिसाव्या शतकातील बॅलेने नर्तकीला आधीच प्रतीक करून ठेवले होते. १८३२ साली 'ला सिल्फीद'मध्ये मारी तालियोनी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिली तेव्हापासून ही कला वजन नाकारणारी, जमीन टाळणारी कला म्हणून मिरवली. मग खुर्चीत वाकून बसलेली नर्तकी दिसली की विरोधाभास आयताच हाती येतो आणि समीक्षकाला काही करावेच लागत नाही. स्वतः तालियोनी ऐंशी वर्षे जगली आणि उतारवयात लंडनमध्ये मुलींना समाजनृत्य व चारचौघांत वावरण्याच्या रीती शिकवीत असे. या तपशिलाचे प्रतीक होत नाही, त्यामुळे तो फारसा कोणी सांगत नाही.

प्रतीकाचा मोह निरुपद्रवी नसतो, हे ओल्गा स्पेसिव्त्सेवा हिच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. तिचा जन्म १८९५ चा. विसाव्या शतकातील थोर 'जिझेल' म्हणून तिची गणना होते. जिझेल ही फसवणूक झालेली शेतकरी-कन्या. पहिल्या अंकाच्या शेवटी तिला वेड लागते आणि ती मरते. १९४३ साली स्पेसिव्त्सेवाला अमेरिकेत मनोरुग्णालयात दाखल करावे लागले आणि तेथे तिची वीस वर्षे गेली. १९६३ साली बाहेर पडल्यावर ती न्यूयॉर्क राज्यातील टॉल्स्टॉय प्रतिष्ठानच्या वृद्धाश्रमवजा वसाहतीत राहिली आणि १९९१ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, वारली. म्हणजे रुग्णालयाबाहेरचे तिचे अखेरचे पर्व अठ्ठावीस वर्षांचे आहे, तिच्या ऐन बहराच्या काळाहून मोठे. परंतु तिच्याविषयीचे बहुतेक लेखन ही अठ्ठावीस वर्षे दोन-चार वाक्यांत उरकते आणि पुन्हा वेडाच्या प्रवेशाकडे वळते. तिच्या एके काळच्या सहनर्तकाने, अँटन डॉलिनने, १९६६ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात ती 'निद्रिस्त' आहे. या भूमिकेसाठी तिने वेड्यांच्या इस्पितळात जाऊन निरीक्षणे केली होती, असे सांगितले जाते, आणि ते सांगताना सांगणाऱ्याचा स्वर असा असतो की जणू भूमिकेनेच पुढे तिचा घास घेतला. आयुष्याचे असे वाचन करणे हे वाङ्मयीन कौशल्याचे लक्षण मानले जाते. माझ्या मते तो एक वाङ्मयीन अत्याचार आहे. आजारी स्त्रीच्या आयुष्याला तिच्याच भूमिकेची संहिता चिकटवायची, आणि त्या दोन्हींच्या जुळणीत 'अर्थ' सापडला म्हणून समाधान मानायचे. येथे नर्तकीला कोणी भेटलेलेच नाही. भेटली ती जिझेल.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते वाचकांपैकी अनेकांनी पडद्यावर पाहिलेही असेल. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पेनमधील एका वृद्धेची चित्रफीत जगभर फिरली. स्मृतिभ्रंश झालेली ही स्त्री चाकांच्या खुर्चीत बसलेली आहे; तिच्या कानांवर 'स्वान लेक'चे संगीत घातले जाते; आणि तिचे हात उठतात, मनगटे वळतात, मान कलते. तिच्या हालचालींच्या मधून मधून रंगमंचावरील एका तरुण नर्तकीची दृश्ये गुंफलेली होती. कोट्यवधी प्रेक्षकांनी ती 'तिचीच' तरुणपणीची दृश्ये मानली. ती तिची नव्हती. ती रशियन नर्तकी उल्याना लोपात्किना होती. आणि ती जे नाचत होती ते 'स्वान लेक' नव्हे, तर फोकीनने आना पाव्हलोव्हासाठी सँ-साँसच्या संगीतावर रचलेले 'मरणारा हंस' हे छोटे नृत्य होते. 'न्यूयॉर्क'च्या बॅलेची प्रमुख नर्तकी, या तिच्या परिचयावरून लोकांनी जी विख्यात संस्था गृहीत धरली, तिच्याशी तिचा संबंध असल्याचा पुरावाही मिळाला नाही. चित्रफीत पसरली तेव्हा ती स्वतः हयात नव्हती.

या प्रकारावर 'फसवणूक' असा शिक्का मारून मोकळे होता येईल. पण तसे करणे उथळपणाचे ठरेल. संगीत ऐकवणाऱ्यांचा हेतू उपचाराचा होता, आणि तिच्या हातांत जे घडले ते खरे होते. त्याला लोपात्किनाची गरजच नव्हती. विचारणीय गोष्ट ही की ज्याला ती जोड दिली गेली ते पुरेसे आहे, असे जोडणाऱ्याला वाटले नाही, आणि पाहणाऱ्यांनाही वाटले नसते. हातांकडे पाहताना आपण हात पाहत नव्हतो. हात ज्याचे अवशेष आहेत असे आपल्याला वाटले ते पाहू इच्छीत होतो. ते दाखवण्यासाठी दुसऱ्या देशातील, दुसऱ्या पिढीतील, दुसऱ्याच संगीतावर नाचणारा देह उसना आणला गेला. वृद्ध देह पारदर्शक मानला गेला, खिडकीच्या काचेसारखा. काचेपलीकडे कोण उभे आहे याची शहानिशा करण्याची निकड मग कोणाला राहिली नाही.

आता त्या हातांविषयी. बॅलेच्या तालमीत एक रीत आहे. तिला नर्तक 'मार्किंग' म्हणतात. प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने नाचल्यास शरीर टिकणार नाही, म्हणून नर्तक रचना 'मार्क' करतात, म्हणजे खुणेने करतात. उडी मारत नाहीत, तिचा फक्त इशारा देतात. पायांनी करावयाचे ते पुष्कळदा हातांनी दाखवतात, तळहात पाऊल होतो, मनगट घोटा होते. नवखा माणूस ते पाहून गोंधळेल. पण त्याच दालनात उभ्या असलेल्या दुसऱ्या नर्तकाला त्यात रचना पूर्ण दिसते, अगदी कोणत्या पायावर वजन आहे येथपर्यंत. बॅले शिकवणाऱ्या वयस्क गुरूही खुर्चीत बसून याच हस्तभाषेत शिकवतात. म्हणजे बसलेल्या देहाने, केवळ हातांनी केलेले नृत्य ही बॅलेतील अपवादात्मक अथवा अवशिष्ट अवस्था नव्हे. ती तालमीची रोजची बोली आहे. रंगमंचावर येत नाही म्हणून रसिकांना अपरिचित, इतकेच. कोणी असे म्हणेल की स्पेनमधील त्या स्त्रीचे हात पायांसाठी खुणा करीत नव्हते, ते हंसिणीचे पंखच होते, आणि ती भूमिका मुळातच हातांची आहे. तेही खरे असू शकेल. पण हा फरक ओळखण्यासाठी सुद्धा हातांकडे हात म्हणून पाहावे लागते. कारुण्याच्या पाण्याने डोळे भरले की तो दिसत नाही.

बर्गसाँने १८९६ च्या आपल्या ग्रंथात स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक, घोकून पाठ केलेल्या धड्याची: ती सवय होऊन देहात मुरते आणि तिच्यावर तारीख नसते. दुसरी, तो धडा अमुक दिवशी अमुक ठिकाणी वाचल्याची: तिच्यावर तारीख असते आणि ती एकदाच घडलेल्या प्रसंगाची असते. मराठी भाषेने हा भेद आपल्यापरीने पूर्वीच केलेला आहे. एखादी गोष्ट 'आठवते' आणि एखादी 'अंगवळणी पडते'. नर्तकीच्या आयुष्यात या दोन स्मृतींचे प्रमाण आपल्यापेक्षा वेगळे असते, आणि वार्धक्यात तारखांची स्मृती विरत गेली तरी अंगवळणी पडलेले पुष्कळ वेळा टिकते. पण येथे सावध राहिले पाहिजे. 'देह विसरत नाही' असे जे भावविवश विधान या संदर्भात वारंवार केले जाते, ते इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. देह विसरतो, आणि फार लवकर विसरतो.

'वसंतोत्सव' ('ल साक्र द्यु प्रँताँ') या बॅलेचा इतिहास याचा पुरावा आहे. स्त्राविन्स्कीचे संगीत आणि निजिन्स्कीची नृत्यरचना असलेला हा बॅले २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये सादर झाला, त्या रात्री प्रेक्षागृहात गोंधळ माजला, आणि त्याचे एकूण प्रयोग दहाच्या आतच झाले. १९२० साली दियागिलेवने तो पुन्हा उभा करायचे ठरवले तेव्हा त्यात नाचलेल्यांना निजिन्स्कीची रचना जुळवता येईना. अवघी सात वर्षे झाली होती. मासीनकडून नवी रचना करून घ्यावी लागली. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी मिलिसेंट हॉडसन या अमेरिकन अभ्यासिकेने मूळ रचनेचा शोध सुरू केला, आणि त्या शोधात ती मारी रॅम्बर्ट यांना भेटली. रॅम्बर्ट १८८८ साली वॉर्सात जन्मल्या. 'वसंतोत्सव'च्या तालमींत निजिन्स्कीच्या साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले होते आणि त्या स्वतः समूहात नाचल्याही होत्या. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी बॅलेची स्वतःची संस्था उभारली. भेटीच्या वेळी त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. १९८२ मध्ये त्या वारल्या. हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी पुनर्रचिलेला 'वसंतोत्सव' १९८७ साली जॉफ्री बॅलेने लॉस एंजेलिसमध्ये सादर केला.

ही भेट स्पेनमधील चित्रफितीपेक्षा निश्चितच अधिक आदराची आहे. येथे वृद्ध स्त्रीला कोणी प्रतीक केले नाही. तिला प्रश्न विचारले. पण हे प्रश्न कोणत्या प्रकारचे होते? साक्षीदाराला विचारायचे: तेव्हा काय घडले, कोण कोठे उभे होते, या तालावर कोणता पाय. साक्षीदाराचे मोल त्याच्या साक्षीएवढेच असते. रॅम्बर्ट यांच्या साक्षीला १९१३ मध्येच त्यांनी पियानोच्या स्वरलिपीवर करून ठेवलेल्या टिपणांचा आधार होता, आणि पुनर्रचनेत त्या टिपणांचे वजन मोठे आहे. म्हणजे नव्वदीतील रॅम्बर्ट यांच्यापेक्षा पंचविशीतील रॅम्बर्ट अधिक विश्वसनीय. संशोधनाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. भेटीच्या दृष्टीने त्यात काहीतरी अस्वस्थ करणारे आहे: समोर बसलेली व्यक्ती तिच्याच कागदांची तळटीप होते.

कागद आणि देह यांतील हा संघर्ष निजिन्स्कीच्याच 'फॉन'च्या बाबतीत अधिक तीव्र झाला. १९१२ चा हा बॅले नर्तकाकडून नर्तकाकडे, देहाकडून देहाकडे जात टिकला. रॅम्बर्ट यांच्या संस्थेतही १९३१ पासून तो असाच जपला गेला. निजिन्स्कीने मात्र १९१५ साली स्वतःच्या लिपीत त्याची नोंद केली होती, आणि ती लिपी कोणाला लागत नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अॅन हचिन्सन गेस्ट आणि क्लाउडिया येश्के यांनी ती उलगडली. तेव्हा असे दिसले की परंपरेने चालत आलेले रूप आणि नोंदलेले रूप यांत बरेच अंतर आहे. संहितानिष्ठ समीक्षेला यात पेच नाही. कर्त्याच्या हातची प्रत सापडली की पाठभेद बाद. पण ज्या वृद्ध नर्तकांनी ते रूप आयुष्यभर अंगात वागवले आणि प्रामाणिकपणे पुढे दिले, त्यांना लिपीच्या आधारे 'तुम्ही चुकत होता' असे सांगताना आपण नेमके काय सांगतो? ते निजिन्स्कीच्या बाबतीत चुकले असतील. पण ते जे नाचत होते ते कोणाच्या तरी चुकीची नक्कल नव्हते. ते एक नृत्य होते.

कांटच्या सुप्रसिद्ध नियमाकडे येथे वळता येईल, परंतु तो नेहमी घाईत उद्धृत होतो. माणसाला साधन म्हणून वापरू नका, असे कांट म्हणत नाही. केवळ साधन म्हणून वापरू नका, असे तो म्हणतो. सगळा भार त्या 'केवळ'वर आहे. हॉडसनने रॅम्बर्ट यांचा उपयोग केला, यात गैर काही नाही. उपयोगी पडणे ही वार्धक्यातील मोठी गरज असते, हे घरात म्हातारी माणसे असलेल्या कोणालाही सांगायला नको. प्रश्न असा की उपयोगाच्या आत 'केवळ'च्या पलीकडचे असे काय असू शकते.

तमारा कार्साविना हिच्या आयुष्यातील एक प्रसंग येथे उपयोगी पडेल. १८८५ साली जन्मलेली कार्साविना ही दियागिलेवच्या मंडळींतील अग्रगण्य नर्तकी. फ्रेडरिक अॅश्टनने जानेवारी १९६० मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी 'ला फीय माल गार्दे' नव्याने रचला, तेव्हा ती पंचाहत्तरीला आली होती. मूळ बॅले १७८९ चा, बोर्दोचा. सेंट पीटर्सबर्गमध्ये तो ज्या रूपात नाचला जाई त्यातील एक मूकाभिनयाचा प्रवेश कार्साविनाला येत होता आणि तो तिने अॅश्टनला दिला. नायिका लीझ हिला आई घरात कोंडून बाहेर जाते. एकटी असलेली मुलगी स्वतःच्या लग्नाचे स्वप्न पाहू लागते: लग्नाचा पोशाख, मग मुले, एकाला रागे भरणे, एकाला शिकवणे, तान्ह्याला जोजवणे.

पंचाहत्तरीच्या स्त्रीने हातांनी उभी केलेली ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आणि त्या मुलीने हातांनी उभी केलेली तिची न झालेली मुले. प्रतीक शोधणाऱ्याला येथे मेजवानीच आहे. पण अॅश्टन ते शोधायला आला नव्हता. त्याला प्रवेश हवा होता. साक्षीदाराला विचारतात 'तेव्हा काय झाले'. कार्साविनाला विचारायचे होते 'हे कसे करायचे'. व्याकरणाच्या दृष्टीने हा काळाचा फरक आहे, आणि नीतीच्या दृष्टीनेही. पहिल्या प्रश्नात वृद्धेची परीक्षा होते: तिचे उत्तर इतर पुराव्यांशी ताडून पाहिले जाते. दुसऱ्यात परीक्षा विचारणाऱ्याची होते. तो करून दाखवतो आणि ती म्हणते, 'नाही, असे नव्हे.' हे 'नाही' म्हणण्याचा अधिकार जोवर तिच्याकडे आहे तोवर ती 'माजी' नाही, मग ती उभी राहू शकत असो वा नसो. स्पेसिव्त्सेवाला जिझेल ठरवणाऱ्यांना ती 'नाही' म्हणू शकली नाही. स्पेनमधील स्त्रीच्या हातांशेजारी कोणाचा देह लावला गेला, हे तर तिच्या कानीही गेले नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. हा निकष समर्थांच्याच सोयीचा आहे. ज्यांची वाचा आणि स्मृती शाबूत आहे त्यांना तो न्याय देतो. ज्यांना आता कोणालाच दुरुस्त करता येत नाही त्यांचे काय? त्यांना भेटायलाच जाऊ नये का? या आक्षेपाला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एवढेच सुचते की अशा वेळी संगीत लावावे आणि कॅमेरा ठेवून द्यावा. हात उठले तर ते उठल्याचे पाहावे, न उठले तर त्यात आपले काही हिरावले गेले असे मानू नये.

कार्साविनाने दिलेल्या त्या प्रवेशाचा शेवट सांगायचा राहिला. लीझ आपल्या स्वप्नात अशी रंगून गेलेली असते की खोलीत आणून टाकलेल्या धान्याच्या पेंढ्यांकडे तिचे लक्षच नसते. पेंढ्यांत तिचा प्रियकर कोलास लपलेला असतो. तिची सगळी मुले, सगळे जोजवणे त्याने पाहिलेले असते. तो उसळून बाहेर येतो, आणि प्रेम असूनही, किंबहुना प्रेम असल्यामुळेच, लीझ शरमेने तोंड झाकून घेते. कोलास निदान बाहेर तरी येतो.